घसाराकाकांचा दावा

घसाराकाकांना नवी वस्तू दाखवायची म्हणजे आधी मनाची तयारी करूनच जावं लागायचं. माझ्या बाबांनी पहिली स्कूटर घेतली आणि पेढे घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले, तर काकांनी पेढा तोंडात टाकला, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. शोरूममधून बाहेर काढली न, झाला घसारा सुरू." बाबांना त्या दिवशी पेढा गोड लागला नाही. वस्तू वापरून जुनी होते तशी तिची किंमत दर वर्षी थोडी कमी धरायची, याला विम्याच्या धंद्यात घसारा म्हणतात, हे मला सातव्या वर्षीच माहीत होतं. कारण माझ्या बाहुलीचा हात तुटला तेव्हा काकांनी मला मांडीवर घेऊन तिचाही घसारा काढून दाखवला होता. मी भोकाड पसरलं. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या मराठी पोरांत त्यांचं नाव घसाराकाका पडलं, आणि जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोठी माणसंही तेच म्हणायला लागली.

काका सरकारी विमा कंपनीत होते. नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. मुरलीपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांनी घर बांधलं. आमचं घर सांगलीचं, त्यामुळे त्यांची भाषा आईला झेपायची नाही. ते मला लाडानं 'पोट्टी' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईनं बाबांना आत बोलावून विचारलं होतं की ही शिवी आहे का. "काय करून राहिली, पोट्टी?" असं फाटकातूनच ओरडत ते यायचे. माझं मराठी तसंही निम्मं हिंदी, त्यात यांचं नागपुरी. लग्नानंतर पुण्याच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला तो उगाच नाही.

त्यांचं काम होतं दावे तपासायचं. सीकर रोडवर कुठे ट्रक उलटला, जीप धडकली, की काका पिशवी घेऊन निघायचे. कोणाचं काय गेलं, किती गेलं, खरंच गेलं का, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं: "गेलं तेवढं मागायचं. वर एक रुपया नाही, खाली एक रुपया नाही." हे नुसतं बोलणं नव्हतं हो. बाबांची तीच स्कूटर पुढे एका टेम्पोनं ठोकली. बाबांनी विम्याच्या अर्जात फुटलेल्या आरशाचेही पैसे लावले. काकांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आरसा दिवाळीत फुटला होता न? मीच पाहिला होता." आरसा खोडला. बाबा म्हणाले, "अहो, शेजारी आहात की वैरी?" आणि पुढे कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. शैलाकाकूंनी वडाभात करून पाठवला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

शैलाकाकू म्हणजे काकांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे गल्लीतली सगळी पोरं त्यांचीच. काकू राजस्थानी केर-सांगरीच्या भाजीत आपला काळा मसाला घालायच्या आणि शेजारच्या मारवाडी भाभीला ठणकावून सांगायच्या की हीच खरी पद्धत आहे. भाभी मुकाट्यानं खायची आणि वाटीभर आणखी मागून न्यायची. काका घरात पाहुण्यासारखे राहायचे. खुर्चीत बसले की चहा यायचा, अंघोळीला गेले की कपडे दाराला लटकलेले असायचे, बाहेर निघाले की रुमाल खिशात असायचा. तो रुमाल कुठून येतो, हा प्रश्न त्या माणसाला जन्मात कधी पडला असेल असं मला वाटत नाही. काकू कधी कधी चिडायच्या. "एक दिवस मी नसले न, तर तुम्ही बनियनवर हापिसात जाल," म्हणायच्या. काका हसायचे.

एकदा मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली होती. जेवणं झाली, बायका पान लावत बसल्या आणि काकांना ऑफिसच्या गोष्टी सांगायची हुक्की आली. झोटवाड्याचा एक शिंपी होता, त्याची बायको बसखाली गेली. त्यानं भरपाईचा दावा लावला. काकांनी कंपनीच्या वकिलाला मुद्दा काढून दिला होता: शिंपी स्वतः कमावतो, बाई घरीच असायची, मग तिच्यावर अवलंबून कोण होतं? आश्रित कोणीच नाही. रक्कम बरीच खाली आली. काका हे अभिमानानं सांगत होते असंही नाही, नियम समजावून सांगत होते. त्यांना नियम आवडायचे, जसं एखाद्याला गाणं आवडतं. काकूंनी पान दुमडता दुमडता विचारलं, "म्हणजे मी गेले तर तुम्हाला काहीच नाही मिळणार?"

"तू माझ्यावर अवलंबून आहे न," काका म्हणाले. "मी तुझ्यावर नाही. नियमानं आश्रित तू."

"मग बाप्पा, मी काही आधी जात नाही. नुकसानीचा धंदा आहे," काकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. काकाही हसले. अजून तो हशा कानात आहे माझ्या. त्याच्यावर आता राग येतो.

काका निवृत्त झाले आणि पुढे काकूंना पित्ताशयात खडे झाले. आजकाल घरोघरी होतात. सीकर रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाला, छोटंसं आहे, दोन दिवसांत आंटीजी घरी. आणि खरंच घरी आल्या. पण पोट फुगायला लागलं, दुखायला लागलं, ताप चढला. परत नेलं तर डॉक्टर म्हणतो, "गैस है. आंटीजी, थोड़ा चलिए-फिरिए." काकू बिचाऱ्या गल्लीत फिरायच्या, भिंतीला धरून. लग्नानंतरही मी इथेच, आमच्या जुन्या घरात होते; शाळेत शिकवून परत येताना पाहायची. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी काकांना म्हटलं, दुसरीकडे दाखवू. काका म्हणाले, "डॉक्टर सांगून राहिला न गॅस आहे म्हणून. तो शिकलेला आहे, पोट्टी."

मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर आत सगळं विष पसरलं होतं. ऑपरेशन करताना पित्ताची नळी कापली गेली होती, असं तिथल्या सर्जननं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. तोंडानं सांगितलं. लिहून द्या म्हटलं तर त्याचा चेहरा पडला. काकू आयसीयूत होत्या. मला आत सोडलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही मनातलं सांगतील. त्या म्हणाल्या, "यांचे चार शर्ट इस्त्रीवाल्याकडे आहेत गं. आणून ठेव. ते विसरतील." दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी शर्ट आणून दिले तेव्हा काकांनी ते घेतले आणि कुठे ठेवायचे म्हणून घरभर फिरत राहिले.

तेराव्याच्या जेवणालाच मंडळींनी सुरुवात केली. दावा ठोका. सोडू नका. कोणीतरी पेपरात वाचलं होतं की कुठल्याशा माणसाला बायकोच्या मृत्यूचे करोडो मिळाले. "आपल्याला करोड नाही तर पन्नास लाख तरी कुठे गेले नाहीत," असं एकजण जिलबी हातात घेऊन म्हणाला. मला त्या जिलबीसकट त्याला बाहेर घालवावंसं वाटलं.  दावा मात्र काकांनी ग्राहक आयोगात लावला. पैशासाठी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं की चूक झाली. आयुष्यभर त्यांनी शिक्क्याच्या कागदावरच विश्वास ठेवला होता, मग आता तरी दुसरं काय मागणार?

वकील मिळाले माथुरजी. माणूस तोंडाळ, पण वाईट नाही. पहिल्याच भेटीत फी सांगितली, आणि वर जे मिळेल त्यातला हिस्सा, असंही हळूच सुचवलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "हिस्सा घेणं वकिलाला चालत नाही. मला माहीत आहे. फी सांगा, पावती द्या." माथुरजींनी हसून पावतीपुस्तक काढलं. मग खर्च सुरू झाला. दवाखान्याकडून केसपेपर काढायलाच चपला झिजल्या. ते आज देतो, उद्या देतो म्हणायचे, आणि दिले तेव्हा त्यात तापाची नोंदच नव्हती. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत पाहिजे होतं, त्याशिवाय केस उभी राहत नाही. जयपुरात एकही डॉक्टर सही करायला तयार होईना. जो तो चहा पाजायचा, हळहळायचा आणि म्हणायचा, "भाईसाहब, यहीं रहना है हमें." शेवटी काकांचा एक शाळेतला मित्र अमरावतीला सर्जन होता, त्यानं लिहून दिलं. काका रेल्वेनं जाऊन ते घेऊन आले, पोराचं प्रगतिपुस्तक आणावं तसं छातीशी धरून.

खरी भांडणं झाली ती रकमेवरून. माथुरजी म्हणाले, "साहब, पचास लाख माँगेंगे तो पाँच मिलेंगे. आप पाँच माँगोगे तो चाय-पानी का भी नहीं निकलेगा." काका म्हणाले, "गेलं तेवढं मागायचं." त्यांनी भरपाईचा तक्ता आपल्या हातानं बनवला. जेवणाच्या टेबलावर बसून, पट्टीनं रेघा मारून. मी समोर बसून होते. पहिल्या दवाखान्याचं बिल, दुसऱ्याचं बिल, औषधं, अंत्यविधी. घरकामाची किंमत नियमानं धरली, वयानुसार कमी केली. काकूंचाही घसारा काढत होते हो, आणि त्यांचं त्यांना कळत नव्हतं. मग आश्रितांचा रकाना आला. काकांनी लिहिलं: कोई नहीं.

"काका, हे काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"मला पेन्शन आहे. घर स्वतःचं आहे. मी आश्रित कसा?"

"अहो, पण मतलब..."

"पोट्टी, फॉर्मवर मी कधी खोटं लिहिलं नाही. आता हिच्या नावानं लिहू?"

माथुरजींनी तो कागद वाचला आणि डोकंच धरलं. "मैडम, इनको समझाइए. ये तो सामने वाले का काम खुद कर रहे हैं." मी समजावलं. माझ्या बाबांनी सांगलीहून फोनवर समजावलं. पण तो हट्टी माणूस. कागद तसाच दाखल झाला.

केस चालू राहिली आणि इकडे काका घर शोधायला लागले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. वर्षानुवर्षं ज्या घरात राहिले त्या घरात कुठे काय आहे ते त्यांना माहीतच नव्हतं. सकाळी सकाळी फाटकातून हाक यायची, "पोट्टी, हळद कोणत्या डब्यात असते गं?" मी जाऊन दाखवायची. दुसऱ्या दिवशी, "पाण्याची मोटर किती वाजता लावत होती ही?" गॅस संपला तेव्हा नंबर कसा लावायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून दोन दिवस डबेवालीचं थंड जेवण जेवले. थंडी आली तेव्हा रजई सापडेना. मी पेटीतून काढून दिली, तर वास घेऊन म्हणाले, "ही दर वर्षी ऊन दाखवत होती का हिला?" मी म्हटलं, हो. "मला वाटायचं रजई अशीच असते," ते म्हणाले. त्यांनी किसणी सापडत नाही म्हणून नवी आणली, झाकणं सापडत नाहीत म्हणून नवी आणली, आणि मग काकूंची सापडली की दोन्ही जवळजवळ ठेवून बघत बसायचे. मला हसूही यायचं आणि घरी येऊन रडूही. नवरा म्हणायचा, रोज का जातेस? जाऊ नको तर काय करू?

दवाखान्याचाही विमा होता. त्यांच्या विमा कंपनीनं वकील दिला सक्सेना. आता दैव बघा, हा सक्सेना काकांच्याच हाताखाली तयार झालेला. नवा नवा वकील होता तेव्हा काका त्याला केस समजावून द्यायचे. ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात तो समोर आला, वाकून काकांच्या पाया पडला. "सर, आंटीजी का सुनकर बहुत दुख हुआ. उनके हाथ का खाना खाया है मैंने." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, कंपनी कुछ देने को तैयार है. ठीक-ठाक रकम है. ले लीजिए."

"गलती हुई, ऐसा लिखकर देंगे?"

सक्सेना खाली बघायला लागला. "सर, वो तो नहीं देंगे. आप तो जानते हैं."

काका जाणत होतेच. जबाबदारी मान्य न करता रक्कम द्यायची, अशी पत्रं त्यांनी स्वतः किती लिहिली असतील. त्यांनी सक्सेनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नहीं बेटा." माथुरजींनी घरी येईपर्यंत गाडीत कटकट केली. खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाटलं होतं की घ्यावेत पैसे आणि मिटवावं. तारखांना जाऊन जाऊन काकांचे पाय सुजत होते.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेतली. खोली लहान, पंखा आवाज करणारा, अध्यक्ष आणि दोन सदस्य समोर बसलेले. माथुरजी चांगलं बोलले. मग सक्सेना उभा राहिला. नळीबद्दल थोडं बोलला, ताप नोंदलेला नाही असं बोलला, आणि मग त्यानं काकांचा तक्ता काढला. "श्रीमान, परिवादी ने खुद लिखा है, आश्रित कोई नहीं. मृतका गृहिणी थीं, परिवादी पेंशनर हैं. और परिवादी खुद क्लेम के अधिकारी रहे हैं. इस कॉलम का मतलब इनसे बेहतर कौन जानता है?" परिवादी म्हणजे दावा लावणारा, म्हणजे काका. आणि मुद्दाही काकांचाच. झोटवाड्याच्या शिंप्यावर वापरलेला. शब्दसुद्धा बदललेला नव्हता. मी काकांकडे बघितलंच नाही, धीर झाला नाही.

तेवढ्यात काका उठून उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "बैठिए, आपके वकील बोल चुके हैं."

"साहब, मुझसे फॉर्म में गलती हो गई है," काका म्हणाले.

माथुरजींनी त्यांची बाही ओढली. काकांनी बाही सोडवून घेतली. "मैंने लिखा है, आश्रित कोई नहीं. यह गलत है. मैं था." त्यांनी हात जोडले. "साहब, मुझे मालूम नहीं था. पैंतीस साल यही काम किया, और मुझे मालूम नहीं था. मुझे चाय बनानी नहीं आती. मेरे घर में हल्दी कहाँ है, मुझे पड़ोस की लड़की से पूछना पड़ता है. मैं पूरा उसी पर था, साहब. कृपा करके सुधार लीजिए."

 सक्सेना हातातला कागद उलटा धरून उभा होता. अध्यक्ष बराच वेळ काकांकडे बघत राहिले. माणूस कठोर नव्हता, त्यांचे डोळे मी पाहिले. पण ते म्हणाले, "देखिए, जो रिकॉर्ड पर है, हम वही देख सकते हैं." काकांनी मान हलवली. त्यांना हेही माहीत होतं. दावा तपासताना ते स्वतःही हेच म्हणत आले होते.

निकाल लागला. निष्काळजीपणा झाला, असं आयोगानं मान्य केलं. शिक्का मारून, सही करून. मी आनंदानं माथुरजींना मिठाई द्यायला निघाले होते. रक्कम तशी बेताचीच होती. दवाखान्यांची बिलं, मानसिक त्रासाचे थोडे, आणि केसच्या खर्चापोटी एवढेसे की अमरावतीचं तिकीट आणि झेरॉक्सचे पैसेही धड निघू नयेत. काकांना त्याचं काही नव्हतं. घरी निकालाची प्रत घेऊन ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, आणि एका जागी बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: परिवादी मृतका पर किसी प्रकार से आश्रित नहीं था.

"किसी प्रकार से," काका म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि लहान पोरासारखे रडले. काकू गेल्या तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाणी आणायला उठले आणि आत ओट्याशी उभी राहून मीही रडून घेतलं. त्या आयोगावर राग, डॉक्टरवर राग, आणि बाई गं, काकांवरसुद्धा राग आला मला. लिहायचं होतं ना एक शब्द खोटा! आणि मेलं ते खोटं तरी कुठे होतं?

काकांनी माथुरजींना सांगितलं, अपील करा. पैसे नकोत, तेवढं एक वाक्य काढून घ्या. माथुरजींनी पहिल्यांदा आवाज न चढवता समजावलं, "साहब, एक लाइन के लिए अपील नहीं होती. अपील रकम के लिए होती है. रकम बढ़वाने जाएँगे, तो वो लाइन अपने आप खुलेगी." म्हणजे जास्त पैसे मागावे लागणार होते.  काका म्हणाले, "किती लिहायचे?" माथुरजी म्हणाले, "आप बताइए." काका म्हणाले, "तुम्हाला वाटतील तेवढे लिहा." ज्या माणसानं माझ्या बाबांचा फुटका आरसा खोडला होता, त्यानं कागद न वाचता सही केली. मिळालेल्या भरपाईतले बरेचसे पैसे त्या अपिलात गेले. मंडळातले लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला हाव सुटली. मी एकदोघांना चांगलं झाडलं. पण कोणाकोणाचं तोंड धरणार?

अपिलाची सुनावणी व्हायच्या आधीच काका गेले. नागपूरला एक पुतण्या आहे, तो वारस. मी त्याला फोन केला, हात जोडून सांगितलं की फक्त सही कर, बाकी मी बघते. तो म्हणाला, "ताई, आता ह्यात काय उरलं आहे? तिकडून मी कुठे तारखा करत बसू?" त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. अपील निकालात निघालं. ते वाक्य जयपूरच्या कुठल्याशा कपाटात आजही तसंच आहे, शिक्क्यासकट.

पण मला काकांचा शेवटचा दिवस सांगायचा आहे, कारण तो कोणत्याच कागदावर नाही. सकाळी दूधवाला माझ्याकडे धावत आला, "मैडमजी, अंकलजी कुर्सी में टेढ़े हो रहे हैं." मी गेले तर काका खुर्चीत एका बाजूला कलले होते, बोलणं जड झालं होतं. सीकर रोडच्या त्या दवाखान्यात नेणार नव्हतेच. दुसरीकडे नेलं. निघताना टेबलावरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून घेतल्या. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती, चेहऱ्यानं अगदी माझ्या वर्गातल्या मुलींसारखी. तिनं पिशवी पलंगावर ओतली. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या, काही कधीच्या संपलेल्या तारखांच्या. "बीपी की कौन सी चल रही है इनमें से? शुगर की? खून पतला करने की कोई लेते हैं?" ती घाईनं विचारत होती. मी एक उचलली, दुसरी उचलली. मला काही माहीत नव्हतं. मी काकांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, कोणत्या गोळ्या घेता तुम्ही?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखलं नसावं.

"हिला विचारा न," ते म्हणाले. "हिला सगळं माहीत आहे."

डॉक्टरणीला मराठी कळलं नाही. "क्या बोल रहे हैं?"

"कह रहे हैं, वाइफ से पूछ लो," मी म्हटलं.

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिनं वर न बघताच म्हटलं, "तो बुलाइए ना उनको. जल्दी बुलाइए."